पाणी किती अंशांवर आले आहे? वसंतातील वॉलआय आणि स्मॉलमाऊथ बास

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरात, म्हणजे अमेरिकेतील ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, बर्फ वितळल्यापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ गळाने मासे धरणाऱ्यांसाठी वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळ असतो. या दिवसांत वॉलआय आणि स्मॉलमाऊथ बास या दोन गोड्या पाण्यातील माशांची नावे सर्वाधिक घेतली जातात. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, मिनिआपोलिस किंवा टोरांटोजवळ स्थायिक झालेल्या मराठी वाचकांच्याही कानांवर ती पडतात. हे मासे केव्हा, कोठे आणि कोणत्या आमिषाला लागतात याविषयी नवख्या माणसाला इतके परस्परविरोधी सल्ले मिळतात की तो गोंधळून जातो. माझ्या मते या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाण्याचे तापमान. ते समजून घेतले की हे दोन मासे एकाच तापत्या पाण्यात इतके वेगळे का वागतात, आणि त्यांच्याबाबत माणसानेही वेगवेगळे का वागले पाहिजे, याचा उलगडा होतो.

प्रथम या माशांची ओळख करून घेऊ. वॉलआय लांबट असतो. त्याचा रंग सोनेरी-हिरवट, दात अणकुचीदार, पाठीवरचा पहिला पर काटेरी आणि शेपटीच्या खालच्या टोकाशी पांढरा ठिपका असतो. त्याच्या डोळ्यांमध्ये प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात त्याचे कारण असाच थर असतो. त्यामुळे वॉलआयला अंधुक प्रकाशात चांगले दिसते, आणि त्याच्या भक्ष्याला तितके दिसत नाही. पहाट, संध्याकाळ, रात्र, ढगाळ दिवस किंवा वाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग विस्कटलेला असणे ही सर्व त्याच्या शिकारीची अनुकूल वेळ होय. स्मॉलमाऊथ बास हा आखूड, जाड आणि बळकट बांध्याचा मासा असून त्याचा रंग काशासारखा तपकिरी असतो, अंगावर उभे पट्टे असतात आणि डोळे बहुधा लालसर असतात. तो दिवसा, डोळ्यांच्या भरवशावर शिकार करतो. खडकाळ तळ आणि स्वच्छ पाणी त्याला मानवते, आणि कोळंबीच्या जातकुळीतला, नांग्या असलेला क्रेफिश हे त्याचे आवडते खाद्य आहे.

आता पाण्याकडे वळू. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते, म्हणूनच बर्फ तळाशी न साचता पृष्ठभागावर तरंगतो आणि हिवाळाभर सरोवराच्या तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी टिकून राहते. मासे याच थरात, कमीत कमी हालचाल करत, हिवाळा काढतात. वसंतात बर्फ वितळतो आणि पृष्ठभागाचे पाणी तापत तापत चार अंशांवर येते, तेव्हा वरचे आणि खालचे पाणी सारख्याच वजनाचे होते. मग वाऱ्याच्या जोराने सगळे सरोवर तळापासून ढवळून निघते आणि प्राणवायू पुन्हा खोलवर पोहोचतो. या घुसळणीनंतर मात्र पाणी सर्वत्र सारखे तापत नाही. उथळ खाडी खोल पाण्याच्या आधी तापते, काळ्या चिखलाचा तळ पांढऱ्या वाळूपेक्षा अधिक ऊन शोषतो, आणि उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सरोवराच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला ऊन अधिक मिळते. एकाच दिशेने सतत वाहणारा वारा पृष्ठभागावरचे ऊबदार पाणी समोरच्या किनाऱ्याकडे लोटतो. एप्रिलच्या एखाद्या दुपारी एकाच सरोवरात दोन ठिकाणांच्या पाण्यात कित्येक अंशांचा फरक असू शकतो, आणि बाहेरच्या माणसाला दिसत नसला तरी माशाला तो स्पष्ट जाणवतो.

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. पाणी थंड असेल तर त्याचे पचन मंद असते, भूक कमी असते आणि भक्ष्याच्या मागे लांबवर धावण्याची त्याची तयारी नसते. त्यामुळे वसंताच्या आरंभी आमिष किती आकर्षक आहे यापेक्षा ते किती सावकाश हलते आणि माशाच्या किती जवळून जाते याला महत्त्व असते. या मासेमारीसाठी रॉड आणि रीळ यांच्यानंतर पहिली खरेदी पाण्याच्या थर्मामीटरची करावी, असे मी आवर्जून सांगेन. अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगितले जाते, म्हणून दोन आकडे ध्यानात ठेवावेत: ४२ ते ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६ ते १० अंश सेल्सिअस, हा वॉलआयच्या विणीचा काळ, आणि ६० ते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस, हा स्मॉलमाऊथ बासच्या विणीचा काळ. या दोन आकड्यांच्या मध्ये जे चार-सहा आठवडे जातात, त्यांतच वसंतातील बहुतेक मासेमारी घडते.

वॉलआय बर्फ ओसरल्यावर लगेच विणीला लागतो. नर आधी येतात आणि दीर्घकाळ थांबतात, तर माद्या नंतर येऊन एक-दोन रात्रींत अंडी टाकून निघून जातात. खडे आणि गोटे असलेला उथळ तळ व त्यावरून वाहते पाणी, किंवा सरोवरातील लाटांनी धुतलेले खडकाळ उंचवटे, अशा जागा त्यांना लागतात. घरटे नाही, जोडी नाही, राखण नाही. मादी मोकळ्या पाण्यात अंडी सोडते, आजूबाजूचे नर ती फलित करतात, आणि अंडी गोट्यांच्या फटींत जाऊन पडतात. अडीच किलोची मादी एक लाखाहून अधिक अंडी देऊ शकते, परंतु त्यांतील बहुतांश वाया जातात. गाळ बसला तर अंडी गुदमरतात, वादळी लाटा आल्या तर ती खडकांवरून वाहून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडली तरी त्या वेळी पाण्यात सूक्ष्म प्लवक पुरेसे नसले तर ती उपाशी मरतात. म्हणूनच वॉलआयची संख्या दरवर्षी सारखी नसते. बहुतेक वर्षी पीक बेताचे येते आणि एखाद्या वर्षी उदंड येते. ईरी सरोवरात २००३, २०१५ आणि २०१८ ही अशी उदंड वर्षे होती, आणि त्या वर्षी जन्मलेल्या माशांवर पुढे अनेक वर्षे मासेमारी चालली.

ईरी हे पाच महासरोवरांतील सर्वांत उथळ आणि सर्वांत दक्षिणेकडचे सरोवर असल्यामुळे ते सर्वांआधी तापते. त्याच्या पश्चिम भागाची सरासरी खोली सात-साडेसात मीटरच आहे. या भागाला टोलेडो शहराजवळ मॉमी नावाची नदी येऊन मिळते, आणि मार्च-एप्रिलमध्ये सरोवरातील वॉलआय विणीसाठी हिच्यात मोठ्या संख्येने चढतात. त्या दिवसांत कमरेपर्यंतचे रबरी पोशाख घालून, थंड प्रवाहात एकमेकांच्या शेजारी ओळीने उभे राहून गळ टाकणारे लोक हे तिथले नेहमीचे दृश्य असते. कोकणात आणि घाटमाथ्याच्या गावांत मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात जे मासे नदीतून ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात, ज्यांना चढणीचे किंवा वळगणीचे मासे म्हणतात, त्यांची आठवण येथे मराठी माणसाला झाल्यावाचून राहत नाही. तिथे पुराचे नवे पाणी माशांना इशारा देते आणि इथे तापमान व वाढता दिवस तो देतात, एवढाच मुख्य फरक आहे. अडचण मात्र दोन्हीकडे एकच आहे: मासा ज्या वेळी सर्वांत सहज सापडतो, त्याच वेळी पुढच्या पिढीसाठी त्याची सर्वाधिक गरज असते.

या अडचणीवर ओहायो राज्याने मॉमी आणि सँडस्की या नद्यांसाठी घातलेले निर्बंध विचारपूर्वक घातलेले आहेत. १ मार्च ते १ मे या काळात तेथे सूर्यास्तानंतर मासेमारी करता येत नाही, एकेरी आकड्याचाच छोटा गळ वापरावा लागतो, आणि गळ तोंडाच्या आत न लागता अंगात कोठेही अडकला असेल तर तो मासा पाण्यात परत सोडावा लागतो. हा शेवटचा नियम नवख्याला विचित्र वाटतो. परंतु उथळ पाण्यात मासे इतके दाटीने असतात की आमिष न खाताच त्यांच्या अंगात गळ रुतवून त्यांना ओढून काढणे शक्य असते, आणि तसे होऊ नये हाच या नियमाचा हेतू आहे.

नदीत वॉलआयसाठी शिशाचे डोके असलेला गळ, म्हणजे जिग, आणि त्यावर वळवळणाऱ्या शेपटीचे मऊ प्लास्टिकचे आमिष एवढे पुरते. वजन असे निवडावे की ते प्रवाहाबरोबर वाहताना तळाला अधूनमधून टेकत राहील. जड असेल तर ते दगडांत अडकते, हलके असेल तर माशांच्या डोक्यावरून निघून जाते. संथ सरोवरात साडेतीन ते सात ग्रॅमचा जिग आणि त्याला लावलेली जिवंत छोटी मासळी हा जुना आणि विश्वासाचा उपाय आहे. वॉलआय झडप घालतो असे क्वचितच वाटते. बहुतेक वेळा दोऱ्याला किंचित जडपणा येतो, एवढेच जाणवते, आणि हा जडपणा ओळखण्याची सवय हातांना लागली की निम्मे काम झाले. विणीनंतर माद्या थकलेल्या असतात आणि काही दिवस त्या फारशा खात नाहीत. पाणी १० ते १२ अंशांच्या वर गेल्यानंतर त्या पुन्हा जोमाने खाऊ लागतात. मिनेसोटात तलावांवरील वॉलआयचा हंगाम मेच्या मध्याच्या सुमारास उघडतो तो बहुतांश वीण आटोपल्यानंतरच. तो दिवस तेथे सणासारखा असतो, आणि १९४८ पासून राज्याचे गव्हर्नर त्या दिवशी गळ घेऊन पाण्यावर जाण्याची प्रथा आहे. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासाही आहे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. वसंतातील वॉलआय ही मूळची ओजिब्वे या महासरोवरांच्या परिसरातील आदिवासी लोकांची उपजीविका आहे. बर्फ ओसरताच रात्री होड्यांतून मशालींच्या उजेडात भाल्याने हे मासे धरण्याची त्यांची परंपरा फार जुनी आहे. विस्कॉन्सिनमधील लाक दु फ्लाम्बो या गावाचे फ्रेंच नाव त्या मशालींवरूनच पडले. १८३७ आणि १८४२ च्या करारांत त्यांनी जमीन दिली, परंतु तिच्यावर शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्यांनी हा हक्क नाकारला, तेव्हा त्यांना न्यायालयात जावे लागले. १९८३ मध्ये विस्कॉन्सिनसंबंधीच्या खटल्यात अपील न्यायालयाने आणि १९९९ मध्ये मिनेसोटातील मिल लाक्स सरोवरासंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. मधल्या काळात विस्कॉन्सिनच्या होडीधक्क्यांवर त्यांना जमावाच्या शिवीगाळीला आणि दगडफेकीला तोंड द्यावे लागले. आज त्यांच्या मासेमारीत प्रत्येक सरोवरासाठी मर्यादा ठरलेली असते आणि धरलेला मासा धक्क्यावरच मोजला जातो. इतकी काटेकोर नोंद हौशी मासेमारीची कोठेही होत नाही, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे मला वाटते.

स्मॉलमाऊथ बासची कथा वॉलआयच्या अगदी उलट आहे, आणि वसंतातील मासेमारीचा सर्वांत नाजूक भागही हाच आहे. पाणी ८ ते १० अंशांवर आले की हा मासा हिवाळ्यातील खोल जागा सोडून खडकाळ सुळक्यांकडे आणि उताराच्या कडांकडे सरकतो. १० ते १५ अंशांच्या दरम्यान तो विणीच्या तयारीसाठी भरपूर खातो, आणि मोठे मासे लागण्याची वेळ हीच असते. या काळात माशासारखे दिसणारे आणि पाण्यात एका जागी स्थिर तरंगणारे लांबट कृत्रिम आमिष एक-दोन झटक्यांनी हलवावे आणि मग नुसते थांबावे. थंड पाण्यात हा थांबा कित्येक सेकंदांचा असावा लागतो, आणि बास बहुतेक वेळा त्या थांब्यातच आमिष घेतो. घाई करणाऱ्याला हे जमत नाही. पाणी अधिक तापले की क्रेफिशसारखी दिसणारी नळीच्या आकाराची मऊ आमिषे तळावरून सावकाश ओढणे अधिक फलदायी ठरते.

पंधरा अंशांच्या आसपास नर उथळ पाण्यात येतो, एखाद्या मोठ्या दगडाच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला शेपटीने गाळ झाडून गोटे उघडे करतो आणि तव्यासारखे गोल घरटे तयार करतो. मादी तेथे काही हजार अंडी घालून निघून जाते, आणि त्यानंतरची सर्व जबाबदारी नर एकटा उचलतो. तो परांनी अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो, त्यामुळे त्यांना प्राणवायू मिळतो आणि गाळ बसत नाही. साधारण आठवडाभरात पिल्ले बाहेर येतात. ती काळीभोर असतात आणि काही दिवसांनी गोट्यांतून वर उठून थव्याने तरंगू लागतात. तेव्हाही बाप त्यांच्याभोवती घिरट्या घालत असतो. ही राखण अनेक आठवडे चालते आणि त्या काळात तो फारसे खात नाही. हिवाळ्यानंतर साठलेली चरबी तो अक्षरशः पिल्लांवर खर्च करतो.

घरट्याजवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तो हल्ला करतो, त्यामुळे या दिवसांत त्याला गळाला लावणे अतिशय सोपे असते. त्याने आमिष तोंडात घेतले ते भुकेने घेतलेले नसते, ते घरट्यापासून दूर टाकण्यासाठी उचललेले असते. मासा धरून सोडून दिला म्हणजे नुकसान झाले नाही, असा समज अनेक सज्जन मासेमारांमध्येही आहे. घरट्यावरील नराच्या बाबतीत तो समज चुकीचा आहे. नर काही मिनिटे दूर गेला तरी पर्च, सनफिश यांसारखे मासे घरट्यावर तुटून पडतात. झुंजीने दमलेला नर परत येण्यास वेळ लावतो, आणि बरीच अंडी किंवा पिल्ले गेली आहेत असे आढळले तर उरलेलीही सोडून देतो. झुंज जितकी लांबेल आणि मासा जितका वेळ पाण्याबाहेर राहील, तितकी घरटे सोडले जाण्याची शक्यता वाढते.

या धोक्यात गेल्या काही दशकांत एका परक्या माशाची भर पडली आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातील राउंड गोबी नावाचा बोटभर मासा जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून महासरोवरांत आला. तो १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत प्रथम आढळला. तळाशी राहणारा हा मासा आज ईरी सरोवरात प्रचंड संख्येने आहे, आणि बासच्या घरट्यावरून नर हटताच गोबींची झुंड अंडी फस्त करते. गंमत अशी की मोठ्या बासने याच गोबीला आपले मुख्य अन्न बनवले असून त्यामुळे ईरीतील स्मॉलमाऊथ पूर्वीपेक्षा वेगाने वाढतात. एकाच परक्या माशाने पिल्लांचे नुकसान आणि प्रौढांचा फायदा केला, आणि म्हणूनच मोठे मासे भरपूर मिळतात तेवढ्यावरून सर्व आलबेल आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

या कारणांमुळे ऑन्टारियोच्या दक्षिण भागातील बऱ्याच पाण्यांत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात, बहुतेक घरटी रिकामी झाल्यावरच उघडतो. इतर ठिकाणी धरून सोडण्याची मुभा वर्षभर किंवा वर्षाचा बराच काळ असते. नियम राज्यागणिक, कधीकधी सरोवरागणिक बदलतात आणि दरवर्षी त्यांत फेरफार होतात, त्यामुळे परवाना काढताना त्या वर्षीची अधिकृत नियमपुस्तिका वाचणे आवश्यक आहे. नियमात मुभा असली तरी, उथळ पाण्यात एकाच जागी ठाण मांडून बसलेला बास दिसला तर तेथे गळ न टाकता खोल कडेकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विणीआधीचे आणि विणीनंतरचे मासे तेथे असतातच.

सुरक्षिततेविषयी थोडे, परंतु निक्षून सांगतो. मे महिन्यात हवा २० अंशांवर गेली तरी पाणी ८ किंवा १० अंशांवर असू शकते. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या क्षणी श्वास अनैच्छिकपणे जोरात आत ओढला जातो, आणि डोके पाण्याखाली असेल तर तोच श्वास घातक ठरतो. त्यानंतर काही मिनिटांतच हातापायांतील बळ जाते आणि उत्तम पोहणाऱ्यालाही होडीवर चढता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान होडीत जीवरक्षक जाकीट अंगात घातलेले असणे कायद्याने बंधनकारक आहे. कायदा नसलेल्या ठिकाणीही ते होडीत ठेवून चालत नाही, अंगात असावे लागते.

मासा घरी न्यायचा असेल तर वॉलआय न्यावा. त्याचे मांस पांढरे, घट्ट आणि वासाला सौम्य असते, आणि त्याच्या काट्याविना निघालेल्या तुकड्यांना रवा लावून तळले तर ते आपल्याकडच्या जिभेलाही परके वाटत नाहीत. त्यातही १५ ते २० इंचांचे मासे ठेवावेत आणि मोठ्या माद्या सोडून द्याव्यात. त्यांच्या पोटात पुढच्या वर्षांची अंडी असतात हे एक कारण, आणि शिकारी माशांच्या शरीरात वयाबरोबर पारा साठत जातो हे दुसरे. प्रत्येक राज्य आपल्या सरोवरांतील कोणता मासा आठवड्यात किंवा महिन्यात किती वेळा खावा याचे मार्गदर्शन प्रसिद्ध करते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठीची मर्यादा त्यात वेगळी आणि अधिक कडक दिलेली असते, आणि ती मासा धरण्याआधीच पाहून ठेवावी.